चार झाकणं

"दारू किती आहे?" जकातीच्या काउंटरमागच्या बाईने विचारलं, आणि त्याने "चार झाकणं" असं उत्तर दिलं. तेही मराठीत. बाईला मराठी येत असण्याचं काहीच कारण नव्हतं, पण तिने चेहरा असा केला की जणू झाकणं तिला समजली आहेत, शंका आहे ती फक्त चार या आकड्याबद्दल. तो स्वतः मात्र चांगलाच दचकला. हे उत्तर त्याने विमानात नीट पाठ केलं होतं, तिथल्या भाषेत, क्रियापदासकट: एक बाटली, एक लिटर, सीलबंद, पावती खिशात. पाठ केलेलं ते सगळं जिभेच्या टोकावर रांगेत उभं असताना चौतीस वर्षं मागच्या बाकावर गप्प बसलेलं एक उत्तर अचानक उठलं आणि रांग मोडून पुढे आलं. "माफ करा," तो म्हणाला, "एक लिटर," आणि बाटली काउंटरवर ठेवली. बाईने बाटली पाहिली, पावती पाहिली, मग त्याला पाहिलं. "एक लिटरला परवानगी आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्या हिरव्या पाटीखालून सरळ बाहेर जायचं. लाल पाटीखाली कशाला आलात?" "तपासून घ्यायला," तो म्हणाला. बाईच्या नोकरीत बहुधा असं कुणी आपण होऊन आलं नसावं. मग तिने खरोखरच बाटली उजेडात धरली, सील बघितलं, त्याची पिशवी उघडली आणि मोज्यांच्या गुंडाळीतून बोटभर लांबीची, रेघा आखलेली एक काचनळी काढली. "आणि हे?" "दहा मिलीचं माप आहे. सवय म्हणून." काही पुरुष खिशात कंगवा बाळगतात, तसं. बाईने नळी पुन्हा मोज्यांत गुंडाळली, जरा हळुवारपणेच, आणि म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर आहे." आजवर कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, आणि बाहेर पडताना हेही लक्षात आलं की तिने चुकीचा माल तपासला होता.

तो वजनमाप निरीक्षक होता. बावीस वर्षं झाली होती. पेट्रोलपंपावर पाच लिटरचं पितळी माप घेऊन उभं राहायचं, वाण्याच्या तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक नखाने सोलून काढायचं, दूधवाल्याच्या लिटरच्या तळाला बाहेरून मारलेली पोच बोटाने चाचपायची, हे त्याचं काम. कचेरीत त्याला थेंब म्हणत. थेंबाथेंबाचा दंड लावतो म्हणून आधी मागून म्हणत, आणि मग त्याने स्वतःच एकदा फोनवर "हां, थेंब बोलतोय" असं म्हटल्यापासून तोंडावर. अशा माणसाने जगातल्या सगळ्यात महागड्या देशांपैकी एका देशात जायचं ठरवल्यावर दारूचा खर्च नशिबावर सोडला असता तर ती त्याच्या खात्याची बेअब्रू झाली असती. त्याने दोन महिने अभ्यास केला. त्या देशात दुकानातली एक बाटली म्हणजे चामड्याचे बरे बूट, आणि बारमधला एक पेग म्हणजे त्यातला डावा बूट, नाड्या वेगळ्या. निघताना विमानतळावर घेतली तर स्वस्त, पण मधल्या थांब्यावरच्या विमानतळावर घेतली तर त्याहून स्वस्त, आणि थांबा जितका लांबलचक तितकं तिकीटही स्वस्त. म्हणून त्याने दहा तासांच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि ते दहा तास एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसून, बाटली मांडीवर घेऊन काढले. शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. दोघांनी एकमेकांना आळीपाळीने जागा राखली. बायको त्याला निघताना म्हणाली होती, "तू भावाला भेटायला चाललायस की त्याला बुडवायला?" त्यावर त्याने तिला सांगितलं, की एक लिटर म्हणजे सहा संध्याकाळी, माणशी रोज साधारण त्र्याऐंशी मिली, यात कुणी बुडत नाही, पाऊलसुद्धा ओलं होत नाही. बायको म्हणाली, "रोज त्र्याऐंशी. बघ हां, चौऱ्याऐंशी झाली तर मला कळव."

खरा हिशोब त्याने बायकोला सांगितला नव्हता. खरा हिशोब असा होता, की दादाला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला त्याला स्वतःला नव्वद लागणार होती. तीस घशाला, तीस छातीला आणि तीस त्या पहिल्या वाक्याला. ऐकून घ्यायला दादाला साठ. दादा मोठा होता, त्याला कमीत पुरलं असतं. ऐकून झाल्यावर दादा उठून गेला नाही तर पुढच्या पाच संध्याकाळी बाकीची. आणि उठून गेला, तर बाकीचीही पहिल्याच संध्याकाळी, एकट्याला. हे सगळं त्या देशातल्या बारमध्ये बसून करायचं म्हटलं असतं तर कबुली वाक्यावाक्याने महागली असती, आणि मध्येच पैसे संपून अर्धीच राहिली असती. कबुली अर्धी राहणं हे त्याच्या मते मुळीच न देण्यापेक्षा वाईट. अर्धं माप नेहमी भरलेल्यासारखं दिसतं, तो रोज बघायचा. म्हणून बाटली. लोकांना वाटतं कंजूष माणूस पैसे वाचवतो. तो पैसे वाचवत नव्हता, तो वेळेची तजवीज करत होता, आणि ही तजवीज इतकी चोख झाली होती की विमानतळाबाहेर बसमध्ये चढताना त्याला स्वतःचा हेवा वाटला. आईने निघताना फक्त एक निरोप दिला होता. "त्याला सांग, मी काही वाट बघत नाहीये." मग दारापर्यंत येऊन, "एवढंच सांग, बाकी काही नको," आणि जिन्यात वाकून, "पण सांग नक्की." दादा शेवटचा घरी आला त्याला नऊ वर्षं झाली होती. बाबा गेले तेव्हा आला, तोही चार दिवस उशिरा. दोन दिवस राहिला, नळाची गळती दुरुस्त केली, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून जेवला आणि गेला.

बसच्या तिकिटाच्या पैशांत घरी बस भाड्याने मिळाली असती, ड्रायव्हरसकट. त्याने बाटली दोन पावलांच्या मध्ये ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. स्वच्छ, रुंद, भरपूर उजेडाचे रस्ते. दुपार टळून गेली होती तरी सूर्य नुकताच कामावर रुजू झाल्यासारखा दिसत होता. चार झाकणं. शब्द बाहेर पडल्यापासून तोंडात त्यांची चव आली होती, कापूर आणि जुनं लाकूड, आणि मागून येणारी ती चटक्याची रेघ. ती बाटली बाबांच्या कपाटात वरच्या खणात, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे असायची. बाबा एका मोठ्या कंपनीच्या गोदामात भांडारपाल होते आणि ती बाटली त्यांना कुणीतरी परदेशातून आणून दिली होती. रुंद खांद्यांची, गळ्याशी सोनेरी पट्टा असलेली, घरातली एकमेव वस्तू जिच्यापुढे बाबा आवाज खाली करून बोलत. ती मोठ्या साहेबांसाठी होती. साहेब एक दिवस घरी येणार होते, तेव्हा ती उघडायची. ती आधीच उघडलेली होती हे बाबा हिशोबात धरत नसत. सणासुदीच्या एखाद्या शनिवारी ते झाकणभर घेत, खोकत, आणि लेबलावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवत. घरात त्याबद्दल एकच नियम होता आणि तो बाबांनी स्वतःलाच घातला होता: दिवा लागल्याशिवाय झाकण नाही. संध्याकाळी खोलीतला दिवा लागे, मग कपाटाचं दार करकरे, मग खोकला. त्या खोकल्याचं त्याला, अकरा वर्षांच्या त्याला, अतोनात आकर्षण होतं. बाबा आयुष्यात एरवी कधी असे सुखाने खोकत नसत. एका वर्षात त्याने चारदा ते करून पाहिलं. एक झाकण दारू, आणि मग रेघेपर्यंत एक झाकण पाणी, उकळून गार केलेलं, कारण लबाडीतसुद्धा स्वच्छता हवी असं त्याला तेव्हाही वाटायचं.

मग साहेब आले. जाड, हसरा, घाम पुसत बोलणारा माणूस. दिवा लावला गेला, बाहेर अजून उजेड होता तरी. बाबांनी बाटली दोन्ही हातांनी आणली, झाकण काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि पेल्यात दोन बोटं ओतली. साहेबांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. घरातले सगळे त्यांच्या गालांकडे बघत होते, आई स्वयंपाकघराच्या दारात, दादा भिंतीला टेकून, तो दादाच्या मागे. साहेब म्हणाले, "वा. तुमच्याकडचं पाणी फार छान आहे. आता ती द्या." यावर हसायचं असतं हे कुणालाच सुचलं नाही. बाबांनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला, तीन पावलं चालले आणि दादाच्या कानशिलात वाजवली. दादा सतरा वर्षांचा होता, त्याला मिशी फुटली होती, आणि घरात गुन्हा घडला की तो मिशी असलेल्याचा असणार हे उघडच होतं. दादाने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ लावण्यात त्याची चौतीस वर्षं गेली होती. दादाला माहीत होतं. दादाला माहीत होतं आणि दादाने थप्पड स्वतःवर घेतली, आणि आठवड्याभरात आत्याच्या गावी लिफ्ट दुरुस्तीच्या कोर्सला गेला, तिथून बंदरावर, बंदरावरून जहाजावर, आणि जहाजावरून इथे, जिथे माणूस एका पेगसाठी डावा बूट देतो. एका माणसाला जगाच्या टोकाला पोचवायला चार झाकणं पुरली होती. शंभर मिली. झाकण पंचवीसचं, चोक शंभर.

बस एका पुलावर चढली आणि तिथे, पुलाच्या बरोबर मध्यावर, त्याच्यातला निरीक्षक जागा झाला. साडेसातशेची बाटली. त्यातून शंभर काढले आणि शंभर पाणी घातलं, तर उरली साडेसहाशे दारू. तिला कुणी पाणी म्हणणार नाही. थोडी फिकी लागेल, बस्स. साहेब पाणी म्हणाला. त्याने पुन्हा गणित केलं, या वेळी कागदावर, तिकिटाच्या मागे. आकडे हलेनात. बावीस वर्षं तो दुसऱ्यांची मापं उलटी करून बघत होता आणि स्वतःच्या बाटलीचं एवढं सोपं गणित त्याने एकदाही मांडलं नव्हतं. गुन्हा कबूल करायची त्याला इतकी घाई होती, की तो झाला किती ते बघायचंच राहिलं. उरलेली दारू कुणीतरी प्यायलं होतं. मिशीवाल्याने? म्हणजे थप्पड रास्त होती. म्हणजे दादाच्या त्या नजरेचा अर्थ काहीच नव्हता, कानशिलात बसल्यावर मान ज्या बाजूला वळते त्या बाजूला तो उभा होता, एवढंच. म्हणजे सांगायची गरजच नव्हती! त्याच्या अंगावरून गार वारं गेल्यासारखं झालं. सहा दिवस हसतखेळत काढता येतील, आईचा निरोप देता येईल, आणि बाटली न फोडता परत नेता येईल, ती तर निव्वळ बचत. पुलाचा उतार लागेपर्यंत तो या बचतीत अगदी सुखाने बसला. आणि उतारावर त्याला तो गार वाराच संशयास्पद वाटायला लागला. तराजूखालचं लोहचुंबक सापडलं नाही की वाणी असाच सैल होतो, असाच कपाळ पुसतो, वर चहासुद्धा मागवतो. शेजारच्या दुकानदाराने माप किती मारलं याने आपली सूट ठरत नाही, हे त्याने कितीतरी दुकानदारांना बजावलेलं होतं. दंडासकट.

दादा स्टॉपवर उभा होता. एक्कावन्न वर्षांचा, मिशी काढलेली, हातात पान्ह्यांची पेटी, थेट कामावरून आलेला. "छोट्या," तो म्हणाला, "जाड झालास." "तू बारीक झालास." "हो, इथे जाड व्हायला परवडत नाही." एवढं बोलून दोघांची नऊ वर्षं संपली आणि ते इमारतीत शिरले. लिफ्टमध्ये दादा मान तिरकी करून ऐकत राहिला, तिसऱ्या मजल्याशी भुवई उंचावली, पाचव्याशी समाधानाने खाली आणली. लिफ्ट त्यानेच सांभाळलेली होती. घर लहान, नीटनेटकं, सगळ्या खिडक्या उजेडाच्या दिशेला. वहिनी हॉस्पिटलच्या गणवेशात दारातच चपला घालत होती. तिला कामाच्या पाळीला जायचं होतं. पिशवीतून डोकावणारी बाटली बघून ती थबकली. "अगं बाई, केवढी मोठी! भावोजी, जपून हं. इथे लोक दारू विकत घेत नाहीत, दत्तक घेतात." मग नवऱ्याला, "भात वाफेवर आहे. आणि आज तरी बोल जरा. काल विचारलं भाऊ कसा आहे, तर म्हणे 'धाकटा आहे'." दार लागलं. दादाने बाटलीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "उघडू या," तो म्हणाला, "पण दिवा लागू दे." त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू पाळतोस?" "काय?" "दिव्याचं." दादाने खांदे उडवले. "सवय झाली. आणि फायद्याचंही आहे. इथे उन्हाळ्यात रस्त्यावरचे दिवे जवळजवळ लागतच नाहीत. चार महिने थेंब नाही. केवढी बचत." "आणि हिवाळ्यात?" "हिवाळ्यात दुपारी अडीचला लागतात. तेव्हा परवडत नाही." दादाचा चेहरा सरळ होता. घरातली विनोदाची हीच पद्धत होती, बाबांचीही हीच. आपण काय बोललो ते आपल्यालाच माहीत नाही, असा चेहरा ठेवायचा.

मग ते दोघे खिडकीशी बसून अंधार पडायची वाट बघू लागले. त्याने आयुष्यात पुष्कळ ठिकाणी उभं राहून पुष्कळ गोष्टींची वाट बघितली होती, पेट्रोलचा फेस खाली बसण्याची, काट्याने थरथरणं थांबवण्याची, पण इतकी नेटाने न होणारी गोष्ट त्याने पाहिली नव्हती. सहा वाजले, ऊन. सात वाजले, ऊन. समोरच्या इमारतीतला एक माणूस गॅलरीत टॉवेल वाळत घालून गेला आणि तो वाळल्यावर परत घेऊन गेला. टेबलावर बाटली सीलबंद, आणि तिच्यातून येणारी पिवळी झाक दादाच्या मनगटावर हलत होती. त्याची नव्वद, दादाची साठ, सगळी तयारी अशी डोळ्यांसमोर, झाकणाखाली, बंद. पैशाची, विमानाची, जकातीची एकूण एक अडचण त्याने आधी हेरली होती. सूर्य त्याच्या यादीत नव्हता. त्याने कामाच्या गोष्टी सांगितल्या, बायकोच्या सांगितल्या, कचेरीतल्या थेंबाची गोष्ट सांगितली; दादा हसला, योग्य तिथे हसला, आणि आईचा विषय जवळ आला की उठून भाताकडे बघून आला. भात चार वेळा बघून झाला. "आईने निरोप दिलाय," शेवटी तो म्हणाला. "म्हणाली, ती काही वाट बघत नाहीये." दादा बराच वेळ टॉवेलच्या रिकाम्या दोरीकडे बघत राहिला. "जिन्यात वाकून म्हणाली का?" "हो." "हं," दादा म्हणाला. साडेआठ वाजले, आणि सूर्य होता तिथेच, एखाद्या निर्लज्ज पाहुण्यासारखा. तेव्हा त्याला कळून चुकलं, की हे कोरडंच करावं लागणार आहे. तीस घशाला नाही, तीस छातीला नाही. आणि आश्चर्य म्हणजे पहिलं वाक्य तर दुपारी जकातीच्या काउंटरवर फुकटात बाहेर पडलेलंच होतं. त्याने तेच पुन्हा काढलं.

"दादा, चार झाकणं माझी होती."

दादाने मान वळवली. तीच मान, तीच बाजू. "कसली?" "बाबांच्या बाटलीतली. साहेबाच्या. मी प्यायलो आणि पाणी घातलं. थप्पड माझी होती." मग सगळं आलं, क्रमाने आलं, चार वेळांच्या चार तारखांसकट, उकळून गार केलेल्या पाण्यासकट, पुलावरचं गणितही त्याने लपवलं नाही, त्या गार वाऱ्यासकट सांगितलं. दादा ऐकत होता, लिफ्टमध्ये ऐकतो तसा, मान तिरकी करून, कुठे खडखडतंय ते शोधत. सांगून झाल्यावर खोलीत फक्त भाताच्या भांड्यावरचं झाकण थडथडत होतं. "चार?" दादा म्हणाला. "चार." "फक्त चार?" आणि दादा हसायला लागला. हसताना त्याने दोन्ही हातांनी चेहरा धरला, आणि मग ते हसणं राहिलं नाही, खांदे हलत राहिले पण आवाज बंद झाला. तो उठून जवळ जावं की न जावं अशा बेतात अर्धा उभा राहिला. "अरे, मी अर्धी संपवली होती," दादा हातांच्या आडून म्हणाला. "अर्धी बाटली. साहेब यायच्या तीन महिने आधी, कॉलेजच्या गच्चीवर, आम्ही तिघांनी. रंग जाऊ नये म्हणून कोरा चहा गाळून घातला. थप्पड माझीच होती, छोट्या. मला ती बरोब्बर लागली होती." "मग माझ्याकडे का बघितलंस?" "तू रडायला लागला होतास. म्हटलं गप्प बस, नाहीतर तुलाही पडेल."

मग दादाने ते सांगितलं जे त्याने वहिनीलाही सांगितलं नव्हतं. आत्याच्या गावी जायच्या दिवशी बाबा त्याला गाडीवर सोडायला आले. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना म्हणाले, माझीही त्यात दहाएक झाकणं होती, जास्तीची, रेघेपलीकडची. पाणी मीच घालायचो, आईच्या नजरेला येऊ नये म्हणून. साहेबांसमोर मला दुसरं काही सुचलं नाही. तुझ्यावर अन्याय झाला. आणि रुमाल काढला डोळ्यांना लावायला, तर खिशातून झाकण खाली पडलं. "तेव्हा मी म्हणायला हवं होतं ना," दादा म्हणाला, "की बाबा, अन्याय कसला, मी अर्धी ढोसली आहे. पण ते रडत होते. रडणाऱ्या माणसाला हिशोब कसा दाखवायचा? म्हटलं पुढच्या वेळी सांगू. मग दर वर्षी माझ्या वाढदिवसाला त्यांचं पत्र. शेवटची ओळ ठरलेली. तुझ्यावर अन्याय झाला. ज्या घरात आपली दर वर्षी माफी मागतात तिथे कुठल्या तोंडाने जायचं? ते गेल्याचं कळलं तेव्हा मी तिकिटाच्या रांगेतून दोनदा बाहेर पडलो. ते तसेच गेले रे. निर्दोष पोराला मारलं असं समजून." तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती पेन्सिलीची रेघ उभी होती. तीन माणसं, एकमेकांना चुकवून, पाय न वाजवता त्या कपाटाशी जात होती आणि प्रत्येकजण प्रामाणिकपणे रेघेपर्यंत भरून ठेवत होता. पातळी रेघेखाली कधीच गेली नाही. म्हणून तर सगळे निर्धास्त होते.

दादा उठला आणि खिडकीतल्या कुंडीमागून काहीतरी घेऊन आला. सोनेरी रंग उडालेलं, आत हिरवट डाग पडलेलं एक झाकण. "झाडाला खत घालतो यातून." त्याने ते हातात घेतलं आणि त्याला पुन्हा दचकायला झालं, कारण ते अगदीच लहान होतं. दुसरंच असेल, असं त्याने आधी म्हणून पाहिलं. पण गळ्याचा तो पट्टा, ती खाच. अकरा वर्षांच्या हातात ते वाटीएवढं होतं. त्याने पिशवीतून मोजे काढले, मोज्यांतून नळी काढली, झाकण घासून धुतलं, पाण्याने काठोकाठ भरलं आणि नळीत ओतलं. डोळा पाण्याच्या पातळीला आणला. दादाही वाकला. "किती?" "सात." "सात काय?" "सात मिली. चार साती अठ्ठावीस." तो खुर्चीत बसला. अठ्ठावीस मिली. एक पेगसुद्धा भरत नव्हता, दोन मिली कमी पडत होती. चौतीस वर्षं त्याने न तपासलेल्या मापावर काढली होती, आणि ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्याने दुकान सील केलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती. पण छातीत जे हलकं हलकं होत चाललं होतं ते लाजेसारखं मुळीच नव्हतं, आणि या वेळी त्यात गार वारा नव्हता. "दादा, थांब," तो म्हणाला आणि बसचं तिकीट उलटं केलं. "तुझी अर्धी, तीनशे पंचाहत्तर. बाबांची दहा झाकणं, सत्तर. माझी अठ्ठावीस. चारशे त्र्याहत्तर." "मग?" "साडेसातशेत अजून दोनशे सत्त्याहत्तर उरतात. एवढी दारू असली तर तिला कुणी पाणी म्हणत नाही. साहेब पाणी म्हणाला."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. "कपाट कोण पुसायचं?" दादाने हळूच विचारलं. "दर शनिवारी?" तो म्हणाला. "सकाळी. आपण शाळेत, बाबा कामावर." "आणि गुडघे दुखतात म्हणून दुपारी झोपायची." "गाणं म्हणत झोपायची." स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून साहेबांच्या गालांकडे बघणारी आई दोघांनाही एकाच वेळी नव्याने दिसत असावी. सगळ्यांत जास्त घाबरलेली तीच होती, हे त्याला आत्ता आठवलं. त्याने खिशातून फोन काढला. दादाने वरून हात ठेवला. "फोनवर नाही. हे समोर बसून विचारायला हवं." "कोण विचारणार?" "मी. थप्पड मला पडलीय." दादा उठला, भिंतीशी गेला आणि त्याने बटण दाबलं. भर उन्हात छताला दिवा लागला, फिकट, स्वतःलाही न दिसणारा. "लागला," दादा म्हणाला. त्याने सील मोडलं. जुनं झाकण भरून आधी धाकट्याने घेतलं, मग थोरल्याने, आणि दोघेही खोकले, अगदी बाबांसारखे, सुखाने.

"तुझा तो मधला थांबा," दादा झाकण पुसत म्हणाला, "दहा तासांचाच आहे ना परत जाताना?"

"हो. का?"

"माझंही तिकीट त्याच विमानाचं काढ. आईसाठी एक तिथून घेऊ. इथून नको, इथे फार महाग पडते."